रंगविद्येचे आचार्य : प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर

मराठी मुलाला सुरत प्रथम भेटते ती इतिहासाच्या पुस्तकात. १६६४ आणि १६७० या दोन सालांतील शिवछत्रपतींच्या स्वाऱ्या सर्वांना तोंडपाठ असतात. पण ज्या शहरावर या स्वाऱ्या झाल्या, त्या शहरात एवढे धन आले कोठून, हा प्रश्न वर्गात क्वचितच विचारला जातो. त्या धनाचा मोठा भाग कापडाच्या व्यापारातून आलेला होता. गुजरात व खानदेश या प्रांतांत विणलेले, रंगविलेले आणि ठशांनी छापलेले सुती कापड सुरतेच्या बंदरातून अरबस्तानात, इराणात व पुढे युरोपात जात असे. युरोपीय लोकांना त्या कापडाचे नवल वाटे ते मुख्यतः एका गुणामुळे. ते कितीही धुतले तरी त्याचा रंग जात नसे.

रंग का जात नाही, हे त्या काळच्या रंगाऱ्याला विचारले असते तर त्याने कृती सांगितली असती, कारण सांगता आले नसते. कृती माहीत असणे आणि कारण माहीत असणे यांत फार अंतर आहे. हे अंतर तोडण्यासाठी ज्याने आपले आयुष्य वेचले, असा एक पुरुष याच सुरत शहरात १८६३ साली जन्मला. त्यांचे नाव त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर. आमच्या कामरेजपासून सुरत जवळच, परंतु आमच्यापैकी किती घरांत हे नाव उच्चारले जाते, याची आम्हांस शंका आहे. म्हणून या अंकात त्यांचे चरित्र देण्याचे आम्ही योजिले.

गज्जर हे गुजरातेत सुतारकाम करणाऱ्या समाजाचे आडनाव. त्रिभुवनदासांचे वडील कल्याणदास हे याच व्यवसायातील जाणते गृहस्थ होते. मुलगा लहानपणी घरच्या कारखान्यात रंधा आणि करवत चालवावयास शिकला. ही गोष्ट क्षुल्लक समजू नये. त्या काळी इंग्रजी शिकलेला तरुण हाताने काम करणे कमीपणाचे मानी, आणि हाताने काम करणारा कारागीर पुस्तकाला हात लावीत नसे. विद्या एका घरात व कसब दुसऱ्या घरात, अशी वाटणी होऊन गेली होती. त्रिभुवनदासांच्या घरात ही दोन्ही एकत्र नांदत होती, आणि पुढे त्यांनी जे जे केले त्याचे मूळ आम्हांस तेथेच दिसते.

सुरतेतील शिक्षण संपवून ते मुंबईस एल्फिन्स्टन महाविद्यालयात गेले. तेथे रसायनशास्त्र हा त्यांचा आवडीचा विषय ठरला. पदव्या मिळाल्या. त्या काळच्या पदवीधरापुढे दोन वाटा मोकळ्या असत : वकिली अथवा सरकारी नोकरी. त्रिभुवनदासांनी तिसरी वाट धरली आणि १८८६ च्या सुमारास ते बडोद्याच्या महाविद्यालयात रसायनशास्त्राचे प्राध्यापक म्हणून रुजू झाले.

बडोद्याच्या गादीवर तेव्हा सयाजीराव गायकवाड हे होते. नाशिककडील कवळाणे गावच्या शेतकरी घरातून दत्तक आलेला हा राजा आणि सुरतेच्या सुताराच्या घरातून आलेला हा प्राध्यापक, दोघेही १८६३ सालचेच. आपले कामरेजही तेव्हा इंग्रजांच्या मुलुखात नव्हते. ते गायकवाडांच्या राज्यातील नवसारी प्रांतात मोडत असे, आणि अगदी शेजारचे सुरत शहर मात्र इंग्रजांचे. तेव्हा बडोद्यास जे घडले ते कामरेजच्या दृष्टीने परक्या राज्यात घडलेले नव्हते.

आता त्या वेळी रंगाऱ्यांवर जो प्रसंग ओढवला होता तो समजून घेतला पाहिजे.

१८५६ साली विल्यम पर्किन नावाच्या अठरा वर्षांच्या इंग्रज मुलाने दगडी कोळशाच्या डांबरापासून जांभळा रंग तयार केला. १८६८ साली ग्रेबे आणि लीबरमान या दोन जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी त्याच डांबरातील अँथ्रासीन या पदार्थापासून अलिझारिन बनविले. अलिझारिन म्हणजे युरोपातील मंजिष्ठेच्या मुळांतील तांबडा रंग. शेतात दोन-तीन वर्षे वाढवून, खणून, वाळवून, कुटून जो रंग मिळावयाचा, तो आता कारखान्यातील पिंपांतून बाहेर पडू लागला, आणि तोही स्वस्त. थोड्याच वर्षांत युरोपातील मंजिष्ठेची शेते ओस पडली. आपल्याकडील मंजिष्ठ आणि आल यांच्यावरही तीच पाळी आली. पुढे १८९७ साली जर्मनीतून कृत्रिम नीळ बाजारात आली व निळीचेही तसेच झाले.

पिढ्यान्‌पिढ्या मुळे आणि साली ओळखणारा आपला रंगारी या नव्या पुड्यांपुढे गोंधळून गेला. पुडीवरील अक्षरे परकी. कोणती पुडी कोणत्या धाग्यावर बसते, कोणती उन्हात उडते, कोणत्या रंगाला आधी काय लावावे, हे त्याला सांगणार कोण? त्याने पुडी पाण्यात कालविली, कापड बुडविले. कापड भडक दिसले, पण दोन धुण्यांत रंग उतरला. गिऱ्हाईक म्हणू लागले की देशी रंगाऱ्याचा रंग कच्चा. चारशे वर्षे ज्याच्या पक्क्या रंगाची जगात कीर्ती होती त्याच्या नशिबी हा शब्द आला.

प्राध्यापक गज्जर यांच्यापुढील प्रश्न हा होता. परदेशी रंग येऊच नयेत, असे म्हणणे सोपे होते. ते त्यांनी म्हटले नाही. त्या रंगांचे शास्त्र रंगाऱ्याच्या हाती, रंगाऱ्याच्याच भाषेत दिले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. त्यांच्या सूचनेला महाराजांनी उचलून धरले आणि १८९० साली बडोद्यास कलाभवन ही संस्था निघाली. गज्जर तिचे पहिले प्राचार्य झाले. रंगकाम व छपाई, विणकाम, सुतारकाम, चित्रकला, यंत्रविद्या असे विषय तेथे शिकवीत, आणि शिकवीत ते देशी भाषेतून. त्या वेळी उच्च शिक्षण म्हणजे इंग्रजी, असे समीकरण पक्के झालेले होते, हे ध्यानात घेतले म्हणजे या निर्णयाचे धाडस कळते. मराठी माध्यमाच्या शाळेत शिकणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनी तरी हे विसरू नये.

पुस्तकांवाचून भाषेतून शिकविणार कसे? पारिभाषिक शब्द नाहीत, क्रमिक पुस्तके नाहीत. हे काम हाती घेण्यासाठी महाराजांनी पन्नास हजार रुपये मंजूर केले. त्या काळी ही रक्कम फार मोठी होती. त्यातून सयाजी ज्ञानमंजूषा ही ग्रंथमाला सुरू झाली. यांखेरीज गज्जरांनी रंगकाम व छपाई या विषयांना वाहिलेले एक गुजराती नियतकालिक चालविले. त्याचे नाव होते रंगरहस्य. नाव मोठे अर्थपूर्ण आहे. रंगाऱ्यांची कृती तोवर खरोखरच रहस्य होती. बाप ती मुलाला सांगे, जावयाला सांगत नसे. गज्जरांनी ती छापून चार आण्या-आठ आण्यांच्या माणसापर्यंत पोहोचविण्याचा खटाटोप केला.

कलाभवनात प्रारंभीच्या विद्यार्थ्यांत त्र्यंबकेश्वरचा एक तरुण होता. चित्रकला, छायाचित्रण, जादूचे खेळ, सगळ्यांत त्याला गोडी. गज्जरांनी त्याच्या अंगचे गुण हेरले आणि तीन रंगांचे ठसे करण्याची व छपाईची विद्या शिकण्यासाठी त्याला रतलामला धाडले. हा तरुण म्हणजे धुंडिराज गोविंद फाळके. १९१३ साली राजा हरिश्चंद्र हा चित्रपट काढून ज्यांनी भारतीय चित्रसृष्टीचा पाया घातला ते दादासाहेब फाळके हेच होत. चित्रपटाच्या इतिहासात रसायनशास्त्राच्या एका प्राध्यापकाचे नाव येते ते असे.

येथे थोडे थांबून रंगाचे रहस्य म्हणजे नेमके काय, ते पाहू. कारण ते समजल्यावाचून गज्जरांच्या कामाचे मोल ध्यानात येणार नाही.

पावसाळ्यात तापीचे पाणी गढूळ झाले की आमच्या आया त्यात तुरटी फिरवीत. थोड्या वेळाने गाळ तळाशी बसे व पाणी नितळ होई. येथे घडते ते असे. तुरटीत ॲल्युमिनियम धातूचा अंश असतो. पाण्यात तो पाण्याशी संयोग पावून पांढुरक्या, बुळबुळीत अशा पुंजक्यांच्या रूपाने सुटा होतो. या पुंजक्यांच्या पृष्ठभागाला मातीचे कण चिकटतात आणि पुंजके जड होऊन खाली बसतात. एखाद्या पदार्थाच्या पृष्ठभागावर दुसऱ्या पदार्थाचे कण असे चिकटून राहणे, आत न शिरता वरच्यावर बसणे, यास शास्त्रात अधिशोषण म्हणतात. स्पंज पाणी पितो ते वेगळे. भिंतीवर धूळ बसते ते याच्या अधिक जवळचे. मात्र धूळ फुंकरीने उडते, आणि येथे कित्येकदा बंध इतका बळकट असतो की उकळत्या पाण्यालाही तो सुटत नाही.

आमच्या जुन्या रंगाऱ्याने हेच काम कापडावर करून घेतले. प्रथम तो कापड हिरड्याच्या पाण्यात बुडवून वाळवी. मग त्यावर तुरटीचे पाणी चढवी. हिरड्यातील तुरट द्रव्यामुळे तुरटीतील धातूचा अंश धाग्याला धरून राही, आणि प्रत्येक धाग्यावर ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडासारखा एक अतिशय पातळ लेप बसे. डोळ्यांना तो दिसत नाही. कापड पांढरेच दिसते. त्यानंतर ते आलीच्या अथवा मंजिष्ठेच्या काढ्यात उकळले की रंगाचा कण धाग्याला न धरता त्या लेपाला धरी. म्हणूनच अशा लेपाला रंगबंधक म्हणतात. मोहेंजोदडोच्या उत्खननात चांदीच्या भांड्याला चिकटलेला मंजिष्ठेने रंगविलेला सुती कापडाचा तुकडा सापडला आहे. म्हणजे ही युक्ती या देशात चार हजार वर्षांहून जुनी.

छिटाच्या कापडाचे कसब तर याहून पुढचे. कारागीर एका ठशाने तुरटीचे बंधक छापी व दुसऱ्या ठशाने लोखंडाचे. लोखंडाचे बंधक तो गूळ घातलेल्या पाण्यात गंजके लोखंड कुजवून तयार करी. मग सर्व कापड एकाच काढ्यात उकळी. तुरटी असेल तेथे तांबडा रंग फुले, लोखंड असेल तेथे काळसर जांभळा, आणि जेथे काहीच छापले नाही तेथील रंग धुऊन निघून जाई. एकच कढई, एकच काढा आणि त्यातून दोन-तीन रंगांची वेल-पाने! पाहणाऱ्याला ही जादूच वाटे.

आमच्या विद्यार्थ्यांनी वाटल्यास याचा पडताळा घरी घ्यावा. पांढऱ्या सुती कापडाचे दोन तुकडे घ्यावेत. एक रात्रभर तुरटीच्या पाण्यात ठेवावा, दुसरा नुसत्या पाण्यात. सकाळी दोन्ही तुकडे कांद्याच्या सालींच्या काढ्यात मोठ्यांच्या देखरेखीखाली उकळावेत आणि नंतर साबणाने धुवावेत. तुरटीच्या तुकड्यावर पिवळा रंग अधिक उजळ येईल व अधिक टिकेल. हिरड्याची जोड मिळाल्यास फरक आणखी चांगला दिसतो.

तुरटीला तांबडा आणि लोखंडाला जांभळा, असे का व्हावे? रंगद्रव्याचा सर्वांत लहान कण म्हणजे रेणू. अलिझारिनच्या रेणूत कार्बनच्या अणूंची तीन कडी एका ओळीत जोडलेली असतात आणि त्याच्या एका कडेला ऑक्सिजनचे अणू शेजारी शेजारी असतात. हे शेजारी धातूच्या अणूला चिमट्याने धरावे तसे धरतात. एकदा धातू असा धरला गेला की रेणूतील इलेक्ट्रॉनांची मांडणी किंचित बदलते आणि तो प्रकाशातील कोणता भाग शोषील तेही बदलते. धातू बदलला, रंग बदलला. गज्जरांच्या तरुणपणी इलेक्ट्रॉनचा शोधही लागलेला नव्हता. तो १८९७ सालचा. परंतु रेणूची रचना रसायनशास्त्रज्ञ कागदावर मांडू लागले होते, आणि बंधक व रंग यांच्या जोड्यांचे नियम प्रयोगांनी निश्चित झालेले होते. कलाभवनात रंगाऱ्याच्या मुलाला शिकवावयाचे ते हेच होते : पुडीत काय आहे, धाग्यावर काय आहे, आणि कोण कोणाला धरतो.

हे धरणे प्रत्यक्ष पाहण्याचे भाग्य मात्र त्यांच्या पिढीला लाभले नाही. रेणूची लांबी सुमारे एक नॅनोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. नेहमीच्या सूक्ष्मदर्शकातून याच्या दोनशे पट मोठी वस्तू कशीबशी वेगळी दिसते. १९८१ साली झुरिक येथील प्रयोगशाळेत गेर्ड बिनिग आणि हाइनरिश रोरर यांनी प्रकाशाचा आधारच सोडून दिला. ज्या सुईच्या टोकावर अखेरीस एकच अणू उरतो अशी सुई त्यांनी पृष्ठभागाच्या अगदी निकट, परंतु न टेकविता, फिरविली. मधल्या फटीतून वाहणाऱ्या अतिसूक्ष्म विद्युत्प्रवाहाच्या चढउतारावरून पृष्ठभागावरील अणूंचा नकाशा निघाला. १९८६ साली या शोधाबद्दल त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

एक अडचण होती. ही सुई वीज वाहणाऱ्या पृष्ठभागावरच चालते, आणि ऑक्साइड तर वीज अडवितात. तेव्हा संशोधकांनी ऑक्साइडाचा लेपच इतका पातळ केला की इलेक्ट्रॉन त्यातून पार जावेत. निकेल आणि ॲल्युमिनियम यांच्या मिश्रधातूवर ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडाचा सुमारे अर्ध्या नॅनोमीटर जाडीचा पापुद्रा वाढवितात आणि त्यावर कार्बनी रेणू बसवून एकेका रेणूची तपासणी करतात. धातूवर थेट बसविलेला रेणू खालच्या धातूत जणू मिसळून जातो; मध्ये हा पापुद्रा आला की त्याचे स्वतःचे रूप शाबूत राहते. २००९ साली झुरिकच्याच प्रयोगशाळेत याच कुळातील दुसऱ्या एका सूक्ष्मदर्शकाने पेंटासीन या रेणूची पाच कडी स्पष्ट दिसली. अँथ्रासीनची कडी तीन, पेंटासीनची पाच. दोघे एकाच घराण्यातील. मंजिष्ठेने रंगविलेल्या धाग्यावर जे चालते, त्याचाच सख्खा प्रकार आज या उपकरणांखाली एकेका रेणूवर अभ्यासिला जातो. हा विषय एवढ्यासाठी लांबविला, की गज्जरांनी ज्या प्रश्नाला हात घातला तो केवळ कापड रंगविण्याचा नव्हता, हे वाचकांस कळावे.

आता पुन्हा चरित्राकडे वळू. १८९६ च्या सुमारास गज्जरांनी बडोदे सोडले व ते मुंबईस आले. तेथे विल्सन महाविद्यालयात त्यांनी अध्यापन केले आणि गिरगावात टेक्नो-केमिकल लॅबोरेटरी या नावाची स्वतःची प्रयोगशाळा उभी केली. याच काळात जी घटना घडली तिने त्यांचे नाव घरोघर गेले.

मुंबईत कोट भागात व्हिक्टोरिया राणीचा संगमरवरी पुतळा होता. मॅथ्यू नोबल या शिल्पकाराने तो घडविला होता, बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी तो नगरीला दिला होता आणि १८७२ साली त्याचे अनावरण झाले होते. १८९६ च्या ऑक्टोबरात एका रात्री कोणी त्या पुतळ्याच्या तोंडाला डांबर फासले व गळ्यात जोड्यांची माळ घातली. सरकारने पुष्कळ शोध केला. पुढे रँडच्या वधाच्या प्रकरणात पकडले गेल्यावर दामोदर हरी चापेकर यांनी हे कृत्य आपले व आपल्या बंधूचे असल्याचे सांगितले. १८ एप्रिल १८९८ रोजी येरवड्यास दामोदरपंत फासावर गेले.

डांबर काही निघेना. संगमरवर दिसावयास गुळगुळीत, परंतु त्यात डोळ्यांना न दिसणारी छिद्रे असतात, आणि डांबरातील तेलकट रेणू त्या छिद्रांच्या भिंतींना जाऊन बसले होते. घासावे तर राणीचे नाकडोळे झिजणार. तेजाब लावावे तर संगमरवरच विरघळणार, कारण तो चुनखडीच्याच जातीचा. अनेकांनी हात टेकले. अखेरीस गज्जरांनी रासायनिक उपायांनी ते डाग काढले आणि दगडाला धक्का लागू दिला नाही. वृत्तपत्रांनी त्यांची वाहवा केली.

या प्रसंगी मराठी वाचकाच्या मनात काय येते, ते आम्ही जाणतो. चापेकरांनी ज्या हेतूने डांबर फासले त्या हेतूपुढे आमची मान लवते, आणि ते डांबर पुसणाऱ्याचे कौतुक करताना जीभ अडखळते. आम्हांस एवढेच वाटते की दोघांच्या कामांना एकाच तराजूत घालू नये. परक्या राज्याला या देशाची माणसे केवळ कारकुनीच्या लायकीची वाटत; त्या राज्याला जे साधले नाही ते येथल्या सुताराच्या मुलाने साधून दाखविले, यातही एक प्रकारचे उत्तर होते. शिवाय एक विलक्षण योग असा, की ज्या डांबराने तो पुतळा काळा झाला त्याच जातीच्या डांबरातून अँथ्रासीन निघते, आणि अँथ्रासीनापासून अलिझारिनचा तांबडा रंग. काळा डाग आणि पक्का रंग यांचे घर एकच. डाग काढणे व रंग बसविणे ही एकाच विद्येची दोन टोके असल्यामुळे जो एकात निष्णात तोच दुसऱ्यास पुरा पडला.

त्याच वर्षी मुंबईत प्लेगची साथ सुरू झाली. हाफकिन यांनी १८९७ च्या जानेवारीत भायखळ्यास प्लेगची लस सिद्ध केली. गज्जरांनी आयोडीन आणि क्लोरीन यांच्या संयुगाचे एक औषध तयार करून ते रोग्यांसाठी पुढे आणले. त्याने बरेच नाव मिळविले. तथापि ते प्लेगवरील निश्चित औषध ठरले नाही, हे सांगितले पाहिजे. खरी औषधे पुढे अर्ध्या शतकाने आली. १९९४ साली सुरतेत प्लेगने घातलेला गोंधळ आमच्यापैकी अनेक कुटुंबांनी डोळ्यांनी पाहिला आहे. सगळे शहर रिकामे होऊ लागले, पण गोळ्या हाताशी होत्या. १८९६ सालच्या माणसाजवळ काहीच नव्हते. अशा वेळी प्रयोगशाळेतील मनुष्य स्वस्थ बसला नाही, हे महत्त्वाचे.

मोत्यांची गोष्ट मात्र पुऱ्या यशाची आहे. इराणच्या आखातातील मोती मुंबईच्या बाजारात येत. त्यांतील पुष्कळ मोती पिवळट, डागाळलेले निघत आणि त्यांना मोल येत नसे. मोती म्हणजे चुनखडीसारख्या द्रव्याचे पातळ पापुद्रे आणि त्या पापुद्र्यांच्या दरम्यान कार्बनी द्रव्याचा लेप. झाक येते ती बहुधा या लेपातून. पापुद्रे न दुखविता आतला डाग घालविण्याची युक्ती गज्जरांना साधली. जव्हेऱ्यांची रीघ लागली. प्राध्यापकाच्या पगारात कधी मिळाला नसता एवढा पैसा मोत्यांनी त्यांना दिला.

तो पैसा व ती प्रयोगशाळा यांचा लाभ तरुणांना झाला. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या कोटीभास्कर आणि भाईलाल अमीन यांच्या उद्योगातून १९०७ साली अलेंबिक केमिकल वर्क्स ही कंपनी निघाली व बडोद्यास तिची भरभराट झाली. एक मराठी आणि एक गुजराती शिष्य, आणि गुरू सुरतेचा. बंगालमध्ये प्रफुल्लचंद्र राय यांनी जे बेंगॉल केमिकल उभे केले, त्याच्याच जोडीला पश्चिमेकडील ही संस्था. राय यांचे नाव पाठ्यपुस्तकांत आले. गज्जरांचे मागे राहिले. राय यांनी आत्मचरित्र लिहून ठेवले आणि संशोधनाचे निबंध प्रसिद्ध केले. गज्जरांची विद्या पुष्कळशी कढईत, बाटलीत आणि शिष्यांच्या हातांत राहिली.

त्यांच्या कार्यातील एक उणीव आम्ही झाकून ठेवणार नाही. रंगाऱ्याला नवे रंग वापरावयास शिकविले गेले, परंतु ते रंग बनविण्याचे कारखाने या देशात निघाले नाहीत. पुड्या जर्मनीहूनच येत राहिल्या. १९१४ साली महायुद्ध पेटताच जर्मनीची जहाजे बंद झाली, रंगांचे भाव भडकले आणि रंगारी हवालदिल झाले. तोवर आल व मंजिष्ठ यांची शेतेही गेली होती. याचा दोष एका माणसाला देता येत नाही. रंगाचा कारखाना म्हणजे त्यामागे तेजाबाचा, डांबराचा, यंत्रांचा असे दहा कारखाने लागतात, आणि परके सरकार त्यास उत्सुक नव्हते. मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रविद्येचा विभाग १९३३ साली निघाला. वलसाडजवळ अतुल येथे रंगांचा मोठा कारखाना उभा राहिला तो स्वातंत्र्यानंतर, आणि १९५२ साली पंडित नेहरूंनी त्याचे उद्घाटन केले. गज्जरांना तो पाहावयास मिळाला नाही. १९२० साली त्यांचे निधन झाले.

कलाभवन पुढे महाराजा सयाजीराव विश्वविद्यालयात सामील झाले व तेथे आज अभियांत्रिकी शिकवितात. राणीचा पुतळा कोटातून हलला. तो भायखळ्यास भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. आणि सुरत पुन्हा कापडाची राजधानी झाली आहे. कामरेजहून कडोदरा, पलसाणा या बाजूस गेले की रंगाईच्या गिरण्यांची धुराडी दिसू लागतात. आमच्यापैकी कित्येकांचे वडील, काका, मामा खानदेशातून येऊन याच व्यवसायात लागले आहेत. आता धागा बहुतांशी पॉलिएस्टरचा. त्याला हिरडा नको, तुरटी नको. रंगाचा रेणू तप्त धाग्याच्या आत शिरून बसतो. पण रंगाईचे जे पाणी उरते त्यात पुष्कळ रंग शिल्लक असतो, आणि ते तसेच सोडले तर खाडी आणि नदी रंगते. म्हणून शुद्धीकरणाच्या हौदांत त्या पाण्यात तुरटी, हिराकस, चुना अशी द्रव्ये मिसळतात. तुरटीचे तेच पांढुरके पुंजके तेथे तयार होतात, रंगाच्या कणांना पृष्ठभागावर धरतात आणि तळाशी घेऊन बसतात.